गरम पाण्यात सगळंच जास्त विरघळतं का?
दादा, 'पाणी तापवलं की कोणताही पदार्थ भरपूर विरघळतो' हे तुमचं म्हणणं साखरेला लागू पडतं. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना साधारण २०० ग्रॅम साखर मावते, उकळत्या पाण्यात ४८० च्या आसपास. मीठ मात्र ३६ वरून जेमतेम ३९! चुन्याचं तर उलटंच. त्याची संपृक्त (आणखी चुना मावणार नाही अशी) निवळी तापवली की गढूळ होते.

आमच्याकडे यावलला केळीच्या ठिबकसाठी युरिया ड्रममध्ये कालवतात. तेव्हा ड्रमला हात लावून बघा, गारेगार लागतो. विरघळताना युरिया पाण्यातलीच उष्णता ओढून घेतो, म्हणून तो गरम पाण्यात जास्त विरघळतो. पोरांना कोणता पदार्थ किती विरघळतो याचा तक्ता पाठ करायला लावण्याआधी पेलाभर पाण्यात मूठभर युरिया टाकून दाखवा. मे महिन्यात कराल तर माठातलं पाणी घ्या, आमच्या टाकीतलं तेव्हा चटके देतं.