यानिस खरंच नम्र आहे, की कॅमेऱ्यापुरता?

कोथरूडची आई
मुलगा तेरा वर्षांचा, बास्केटबॉलचं वेड. खोलीत यानिस अंतेतोकूम्पोचं पोस्टर. मी त्याला सतत ऐकवते, बघ, एवढा मोठा खेळाडू, पण पाय जमिनीवर. परवा त्याने मला एक व्हिडिओ दाखवला. डिसेंबर २०२३, इंडियाना पेसर्सविरुद्ध ६४ गुण केल्यावर हाच यानिस सामन्याचा चेंडू हवा म्हणून त्यांच्या ड्रेसिंग रूमकडे तावातावाने धावतोय. "आई, हा नम्र?" काय सांगू? मला या खेळातलं फारसं कळत नाही. जाणकारांनी बोलावं.

जुना पॉइंट गार्ड
ताई, एका सामन्यात ६४ गुण हा त्याच्या संघाचा, मिलवॉकी बक्सचा विक्रम, तो चेंडू हवासा वाटणारच. पण त्याचं धावत जाणं शोभलं नाही, हे मुलाला खुशाल सांगा. नम्र माणसाला राग येत नाही असं थोडंच आहे?

मी यानिसला फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या रेषेवर बघतो. तिथे आडवं कुणी येत नाही, खापर फोडायलाही कुणी नसतं. त्याचा फ्री थ्रो कच्चा आहे, शिवाय वेळ फार लावतो. दहा सेकंदांची मर्यादा, म्हणून २०२१च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेऱ्यांत, परगावचे प्रेक्षक मोठमोठ्याने आकडे मोजायचे. त्यात फायनलच्या आठवडाभर आधी गुडघा उलटा वाकलेला, आणि सात सामन्यांच्या त्या फायनलमध्ये फिनिक्सविरुद्ध पहिले दोन गमावलेले. सहावा सामना आपल्याकडे २१ जुलैच्या सकाळी लागला. बकरी ईदची सुट्टी होती म्हणून पूर्ण बघितला. ५० गुण, आणि १९ पैकी १७ फ्री थ्रो आत! बक्सना ५० वर्षांनी विजेतेपद.

आता एप्रिल २०२३ घ्या. अव्वल मानांकन असून बक्स मायामीकडून पहिल्याच फेरीत बाद. शेवटच्या सामन्यात याचे फ्री थ्रो २३ पैकी १०. आमच्या क्लबात दोन हुकले की पोरं चेंडू मागेनाशी होतात. हा मात्र रिंगकडे घुसत राहिला. घुसलो की फाउल होणार, पुन्हा रेषेवर उभं राहावं लागणार, पुन्हा हसं होणार, हे माहीत असून. आत्मविश्वास म्हणतात तो मला इथे दिसतो, ५० गुणांत तेवढा नाही. नंतर पत्रकाराने विचारलं, मोसम अपयशी म्हणायचा का? त्यावर त्याने उलट विचारलं की तुला दरवर्षी बढती मिळते का, आणि नाही मिळाली तर ते वर्ष फुकट गेलं का? घरच्यांसाठी, आईवडिलांसाठी माणूस राबतो ते अपयश कसं, असा त्याचा सूर होता.

हे तो उगाच बोलत नाही. आईवडील नायजेरियाहून आलेले, अथेन्सच्या सेपोलिया भागात बिनकागदपत्रांचं जगणं. थनासिस या भावाबरोबर रस्त्यावर गॉगल आणि घड्याळं विकलेली. जन्म ग्रीसमधला, पण पासपोर्ट मिळाला २०१३ मध्ये, एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, निवड झाली त्याच वर्षी. मिलवॉकीतल्या पहिल्या मोसमात एकदा जवळचे सगळे पैसे घरी पाठवले आणि टॅक्सीलाच काही उरलं नाही. पठ्ठ्या थंडीत स्टेडियमकडे पळत निघाला. वाटेत एका जोडप्याने गाडीत घेतलं.

रिबाउंड
गरिबीची गोष्ट ऐकली की आपण लगेच विरघळतो. २०२३ मध्ये याच माणसाने जाहीर सांगितलं होतं, संघ जिंकायच्या ईर्ष्येने उतरणार नसेल तर करार वाढवणार नाही. बक्सनी डेमियन लिलार्डसारखा मोठा खेळाडू आणला, मग ऑक्टोबरमध्ये सही. याला नम्र म्हणायचं?

जुना पॉइंट गार्ड
म्हणायचं. नम्रता म्हणजे साहेबापुढे मान खाली घालणं, असं त्याच्या हिशेबात नाहीच. २०२१च्या फायनलच्या वेळी तो बोलला होता त्याचा मथितार्थ असा: काल काय केलं ते घोळवत बसणं हा अहंकार, उद्या काय करीन ते मिरवणं हा गर्व, आणि समोरच्या खेळात असणं ही नम्रता. करार मागताना तो उद्याचंच बघत होता, हे तुमचं म्हणणं असेल तर मान्य. माणूस एका वाक्यात मावत नाही.

सदाशिव पेठ झोन डिफेन्स
ताई, एप्रिल २०२५चाही व्हिडिओ दाखवा. पेसर्सनी बक्सना बाहेर काढलं, तेव्हा पेसर्सच्या हॅलिबर्टन या खेळाडूचे वडील मैदानात येऊन मुलाचं चित्र असलेला टॉवेल यानिसच्या तोंडासमोर नाचवत होते. यानिस नंतर म्हणाला, जिंकल्यावर नम्र राहावं. आपले वडील सामन्यानंतर मुलाची जर्सी घालून यायचे, पण सगळ्यांशी किती अदबीने वागायचे, हेही सांगितलं. ते २०१७ मध्येच गेले, विजेतेपद बघायला नव्हते.

कोथरूडची आई
दोन्ही दाखवले. पोरगा म्हणतो, ते वडलांचं राहू दे, २३ पैकी १० वाला सामना लाव. त्याचेही फ्री थ्रो असेच जातात. घरी सराव कसा घ्यावा?

जुना पॉइंट गार्ड
आधी पळवा, मग टाकायला लावा. ताज्या पायांनी सगळेच टाकतात.