‘पर्पेच्युअल’ परवाना: बेमुदत, कायमचा की शाश्वत?

मजकूरकार
टिपणं ठेवायच्या एका ॲपच्या परवान्याचा मराठी सारांश अडला आहे. मूळ परवाना अपाची २.०, मुक्त सॉफ्टवेअरसाठी वापरला जाणारा. त्याच्या दुसऱ्या कलमात विशेषणांची माळच आहे: पर्पेच्युअल, वर्ल्डवाइड, नॉन-एक्स्क्लुझिव्ह, नो-चार्ज, रॉयल्टी-फ्री, इर्रिव्होकेबल. मसुद्यात ‘बेमुदत, जगभर लागू, अनन्य नसलेला, विनाशुल्क, रॉयल्टीमुक्त आणि मागे घेता न येणारा’ असं होतं. तपासणीत ‘बेमुदत’च्या जागी ‘शाश्वत’ आलं आणि ‘मागे घेता न येणारा’च्या जागी ‘अपरिवर्तनीय’. शेरा असा की बेमुदत हा संप-उपोषणाचा शब्द, करारात शोभत नाही.

शाश्वत म्हटलं की सत्य आठवतं, नाहीतर विकास. कुणी कागदोपत्री ‘शाश्वत परवाना’ पाहिला आहे का? की याहून बरा, रूढ शब्द आहे?

पोटनियम
आधी ‘अपरिवर्तनीय’ काढा, ती सरळ चूक आहे. परवान्याचा मजकूर न बदलणं वेगळं आणि दिलेला परवाना काढून न घेणं वेगळं. ‘अप्रतिसंहरणीय’ असाही एक शब्द फिरतो, पण तो वाचणाऱ्याच्या घशाखाली उतरत नाही. ‘मागे घेता न येणारा’ चांगलं आहे, तेच ठेवा. फक्त पुढच्या तिसऱ्या कलमात सांभाळा. तिथे पेटंटचा परवाना आहे आणि इर्रिव्होकेबलच्या आधी ‘या कलमात सांगितलेला अपवाद वगळून’ असं कंसात आहे. तुम्ही त्याच सॉफ्टवेअरवरून कुणावर पेटंटचा दावा लावलात तर तुमचा पेटंट परवाना त्या दिवशी संपतो. सारांश आटोपशीर करण्याच्या नादात हा कंस पहिला गळतो.

बेमुदतबद्दल शेरा देणाऱ्यांनी नकळत तुमचीच बाजू घेतली आहे. बेमुदत संप उद्या सकाळी मिटू शकतो. तो कधी संपणार ते ठरलेलं नाही, एवढंच त्या शब्दात आहे. पर्पेच्युअलमध्येही तेवढंच आहे. ‘कायमचा’ किंवा ‘शाश्वत’ लिहिलं की वाचणारा समजतो, आता हे कुणी हिरावून घेणार नाही. ते आश्वासन इर्रिव्होकेबल देतो, पर्पेच्युअल देत नाही. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नियम इतरांना वापरू देणाऱ्या, २००० साली आलेल्या ओपन गेम लायसन्सच्या १.०ए आवृत्तीत पर्पेच्युअल, वर्ल्डवाइड, रॉयल्टी-फ्री आणि नॉन-एक्स्क्लुझिव्ह हे शब्द होते, इर्रिव्होकेबल नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने ती आवृत्ती मोडीत काढायचं ठरवलं तेव्हा सगळं भांडण याच फटीत शिरलं. महिनाअखेरीस कंपनीने माघार घेतली आणि खेळाच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ४.० या खुल्या परवान्याखाली दिला. त्यात इर्रिव्होकेबल शब्द स्पष्ट लिहिलेला आहे.

कलमवाचक
संपाचा दाखला छान आहे, पण ‘बेमुदत’ धोक्याचा आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम १९ पोटकलम ५ पाहा: हस्तांतरणाच्या लेखात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. पोटकलम ६ प्रमाणे क्षेत्र नमूद नसेल तर ते भारतापुरतं. आणि कलम ३०ए ने कलम १९ चे हे नियम परवान्यालाही लावले आहेत. म्हणजे पर्पेच्युअल आणि वर्ल्डवाइड ही शोभेची विशेषणं नाहीत. ती गाळली तर कायदा स्वतःचे आकडे भरतो.

आता ‘बे-मुदत’ फोडून वाचा: मुदत नसलेला. समोरच्या बाजूचा वकील म्हणणार, मुदतच नमूद नाही, सबब पाच वर्षं. त्यापेक्षा ‘कॉपीराइटची संपूर्ण मुदत संपेपर्यंत’ असं लिहावं. लेखन आणि संगणक आज्ञावलीसाठी ती मुदत लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षं. लांब पडतं, पण त्यात शिरायला फट नाही.

पोटनियम
मुदतीबद्दल गप्प बसणं आणि ‘मुदत नाही’ असं लिहून ठेवणं यात फरक आहे. पोटकलम ५ पहिल्या गोष्टीसाठी आहे. ‘बेमुदत’ लिहिलं म्हणजे मुदतीविषयी बोललात.

शिवाय हा सारांश आहे. परवाना इंग्रजीतलाच लागू राहणार. जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याची भाषांतरंसुद्धा फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन अधिकृत मानत नाही, प्रत्येक भाषांतरावर तशी सूचना टाकावी लागते.

कलमवाचक
सगळ्यांचं तसं नसतं. युरोपियन युनियनचा ईयूपीएल १.२ तेवीस भाषांत आहे आणि तेवीसही पाठ सारखेच प्रमाण. क्रिएटिव्ह कॉमन्स ४.० ची अधिकृत भाषांतरंही मूळ पाठाच्या बरोबरीची धरतात. आज सारांश म्हणून लिहिलेला शब्दच उद्या अधिकृत पाठात उचलला जातो, म्हणून आताच नेमका हवा. ‘लिहिलं म्हणजे बोललात’ हे मला पटतं, पण वाद टाळता येत असताना तो कशाला पदरात घ्यायचा?

सरळमराठी
तुम्ही दोघं विशेषणांवर भांडताय आणि नामाकडे कुणी बघत नाही. ‘परवाना’ का? शासकीय मराठीत ‘अनुज्ञप्ती’ रूढ आहे. वाहनाची शिकाऊ अनुज्ञप्ती, अनुज्ञप्तीधारक, सगळे फॉर्म तसेच आहेत. परवाना फारसी. त्या भाषेत परवाना म्हणजे हुकूमनामाही आणि दिव्यावर झडप घालणारा पतंगही.

उंबरठा
फारसी म्हणून काढायचा तर खरेदी, जमीन, दस्तऐवज, फिर्याद हेही काढा. मग कायद्याच्या मराठीत उरेल काय? लोक तोंडाने ‘लायसन्स’ म्हणतात, नाहीतर परवाना. अनुज्ञप्ती फक्त फॉर्मवर वाचतात. ॲपच्या पडद्यावर ‘अनुज्ञप्ती स्वीकारा’ दिसलं तर निम्मे लोक मागे जातील आणि उरलेले न वाचता पुढे.

एक गोष्ट मात्र मान्य. परवाना ऐकला की सरकार डोळ्यांपुढे येतं: गाडीचा, बंदुकीचा, दारूचा. सॉफ्टवेअरचा परवाना एक खाजगी माणूस दुसऱ्याला देतो. त्यासाठी ‘मुभा’ का नको? अरबी ‘मुबाह’वरून आलेला, म्हणजे जे केल्याने पुण्यही नाही आणि पापही नाही. लायसन्सचा अर्थ हुबेहूब तोच.

कलमवाचक
मुभा आवडला. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात कलम ५२ ची लायसन्सची व्याख्या जवळपास हीच आहे: एरवी जे बेकायदेशीर ठरलं असतं ते दुसऱ्याच्या मालमत्तेत करण्याचा हक्क, मात्र त्या मालमत्तेत हितसंबंध निर्माण होत नाही. कलम ६० पुढे सांगतं की देणारा असं लायसन्स मागे घेऊ शकतो. अपवाद दोन. लायसन्सला मालमत्तेच्या हस्तांतरणाची जोड असेल, किंवा त्यावर विसंबून घेणाऱ्याने खर्च करून पक्कं बांधकाम केलं असेल. हा कायदा स्थावर मालमत्तेपुरता आहे, पण लायसन्स मुळात मागे घेता येणारी चीज आहे हे त्यातून लख्ख दिसतं. म्हणूनच इर्रिव्होकेबल वेगळा लिहावा लागतो.

अडचण अशी की मुभेला अनेकवचन नाही आणि ‘मुभाधारक’ कानाला टोचतं. क्रियेसाठी ‘मुभा देणे’, कागदासाठी ‘परवाना’ असं वाटून घ्या.

मजकूरकार
हे वाटप पटलं. ‘अनन्य नसलेला’ मात्र मलाच ओबडधोबड वाटतंय. ‘सामायिक’ चालेल का?

पोटनियम
नाही चालणार. सामायिक विहीर म्हणजे तिचे सगळेच मालक. नॉन-एक्स्क्लुझिव्ह परवान्यात मालक एकच राहतो आणि तीच मुभा तो आणखी हजारांना देऊ शकतो. याला व्यवहारात वजन आहे. कॉपीराइट कायद्याचं कलम ५४ दिवाणी उपायांपुरतं एक्स्क्लुझिव्ह परवानाधारकाला मालकातच धरतं, म्हणजे नक्कल करणाऱ्यावर तो स्वतः दावा लावू शकतो. साध्या परवानाधारकाला ते दार बंद. ‘सामायिक’ लिहून तुम्ही ते दार चुकून किलकिलं कराल. ‘इतरांनाही देता येणारा’ असं लिहा.

सरळमराठी
किंवा ‘बिनमक्त्याचा’. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेवर एकट्याला दिलेला हक्क, त्यावरूनच मक्तेदारी आली. एक्स्क्लुझिव्ह लायसन्सला मक्ता हा तयार मराठी शब्द पडून आहे.

उंबरठा
आता मक्ता कुठला संस्कृत! तोही अरबीच.

सरळमराठी
मुरलेला आहे, मला चालतो. माझं भांडण परक्या शब्दांशी नाही, अर्थ अर्धवट पोचवणाऱ्या शब्दांशी आहे.

काठावरचा
तसं असेल तर सगळ्यांत अर्धवट शब्द ॲपच्या पहिल्याच बटणावर आहे: ‘विकत घ्या’. मराठीची गंमत बघा. इंग्रजी ‘बाय’मध्ये विकणाऱ्याचं नाव नाही, हिंदी ‘खरीदना’मध्ये नाही, पण आपल्या ‘विकत घेणे’च्या पोटात विकणे बसलेलं आहे. समोरचा विकतोय म्हणून मी घेतोय. आणि ते बटण दाबल्यावर उघडणाऱ्या अटींत पहिलंच वाक्य असतं: हे सॉफ्टवेअर तुम्हाला विकलेलं नाही, फक्त वापरायला दिलेलं आहे. मराठीत हा विरोध एकाच धातूवर उघडा पडतो. २००९ मध्ये ई-पुस्तकं वाचायच्या किंडलवरचं विकत घेतलेलं पुस्तक लोकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतलं गेलं, तेव्हा ग्राहकांचा राग नेमका याच शब्दावर होता.

कॅलिफोर्नियाने यावर कायदाच केला, एबी २४२६, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. परवानाच देत असाल तर ‘बाय’ किंवा ‘पर्चेस’ हे शब्द तसेच वापरता येत नाहीत. एकतर हा परवाना आहे, त्याच्या मर्यादा या, आणि हक्क संपला तर तो काढून घेतला जाऊ शकतो हे वाचल्याची पोच ग्राहकाकडून घ्यायची. नाहीतर व्यवहाराआधी ठळक, सोप्या भाषेत तसं सांगून अटींचा दुवा द्यायचा. जी फाइल उतरवून घेतल्यावर विक्रेत्याला तिचा वापर थांबवता येत नाही, तिला यातून सूट आहे.

कलमवाचक
पण ‘विकलेलं नाही’ असं कंपनीने लिहिलं म्हणजे ते खरं झालं का? युरोपच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ च्या यूज्डसॉफ्ट (वापरलेले परवाने विकणारी कंपनी) निकालात ओरॅकलला सांगितलं की पूर्ण मोबदला घेऊन मुदतीची मर्यादा नसलेला वापरहक्क दिलात तर ती विक्रीच. घेणारा ती प्रत पुढे विकू शकतो, फक्त आपल्याकडची प्रत निकामी करून, आणि एकगठ्ठा परवाना फोडून नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २ मार्च २०२१ रोजी इंजिनिअरिंग ॲनालिसिस प्रकरणात असाच सूर लावला: अंतिम वापरकर्त्याच्या कराराला नाव लायसन्सचं असलं तरी कॉपीराइट कायद्याच्या कलम ३० चा परवाना तो नव्हे, कारण कॉपीराइटमधला कोणताच हक्क हस्तांतरित होत नाही; ही मालाची विक्री. तो निकाल प्राप्तिकराचा आहे, ग्राहक हक्कांचा नाही, तो ओढून ताणू नये. ई-पुस्तकांचं युरोपात उलटं झालं. डिसेंबर २०१९ च्या टॉम कॅबिनेट निकालाने ती पुनर्विक्री नाकारली.

तेव्हा ‘विकत घ्या’ खोटंच आहे असं सरसकट म्हणता येत नाही.

काठावरचा
न्यायालयात जाऊन जिंकलेली विक्री आणि बटणावर कळलेली विक्री यात बरीच वर्षं जातात. ग्राहकाला बटणावरच कळायला हवं.

उंबरठा
मग बटणावर काय? ‘मिळवा’ नको, त्यात पैसे लागणार हेही लपतं. ‘परवाना घ्या’ नेमकं आहे आणि ‘विकत घ्या’पेक्षा एकच अक्षर जास्त, बटणात बसतं. एक काळजी घ्या. बऱ्याच ॲपांत ‘बाय’ ही एकच स्ट्रिंग (पडद्यावर दिसणारा मजकुराचा तुकडा) सगळीकडे वापरलेली असते. ती बदललीत की छापील पुस्तकाच्या पानावरही ‘परवाना घ्या’ दिसू लागेल. विकसकाकडून संदर्भ-खूण घालून तिच्या दोन स्ट्रिंगा करून घ्या आणि मगच भाषांतर करा.

आणि त्याखालच्या चौकोनाजवळ ‘मी स्वीकारतो’ लिहू नका, निम्म्या वापरकर्त्या ‘स्वीकारते’ म्हणतील. ‘मला अटी मान्य आहेत’ लिहिलं की लिंगाचा प्रश्नच राहत नाही.

कलमवाचक
तो चौकोन आधीच खूण केलेला नसावा हेही विकसकाला कळवा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत नियम ४ ने ते बंद केलं आहे, खरेदीची संमती ग्राहकाच्या उघड कृतीनेच नोंदवायची. आणि ‘संमती’च, ‘सहमती’ नको. सहमती म्हणजे मत जुळणं. २०२३ च्या वैयक्तिक डेटा कायद्यातली संमती मत विचारत नाही, परवानगी मागते. तिची विनंती संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा, असं तो कायदा सांगतो. त्यांत मराठी आहे, त्यामुळे हा शब्द इथून पुढे सारांशापुरता राहणार नाही.

मजकूरकार
बटणाची आणि संमतीची टिपणं पुढे पाठवतो. पण पर्पेच्युअलचं काय? तपासणीला उत्तर द्यायचं आहे.

पोटनियम
बेमुदत. यूज्डसॉफ्टची ‘मुदतीची मर्यादा नसलेला’ ही कसोटी म्हणजे हाच शब्द.

कलमवाचक
‘कॉपीराइटची संपूर्ण मुदत संपेपर्यंत’.

काठावरचा
त्याआधी सांगा, ‘परवाना घ्या’ बटणावर गेला तर पावतीवर काय छापणार? तिथे अजून ‘खरेदीची पावती’च आहे.