पेशवे दफ्तरातील कागद अभ्यासकापर्यंत पोहोचायला किती काळ लागतो?

प्रश्न
अठराव्या शतकात दुष्काळामुळे जुन्नर प्रांतातील गावांना मिळालेल्या सारासुटीवर मी प्रबंध लिहीत असून त्यासाठी पुणे पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर पाहावे लागेल. तेथील सुमारे ३५ हजार रुमालांपैकी (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांपैकी) माझ्या उपयोगाचे कागद सूचीबद्ध आणि स्कॅन होईपर्यंत थांबावे, की आताच मूळ रुमाल मागवावेत? माझ्या हाती दीड वर्ष आहे.

पहिले उत्तर
थांबू नका. रुमालांची यादी आहे, पण एका रुमालात शेकडो कागद असतात आणि त्यांतील प्रत्येकाची स्वतंत्र नोंद होणे हे पिढ्यांचे काम आहे. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड निघाले, हा वेग आजही थक्क करतो. मात्र त्या निवडीचा ओढा राजकीय पत्रव्यवहाराकडे अधिक होता. आपले कागद हिशेबी आहेत, तेव्हा प्रांत अजमास (प्रांतवार महसुलाचे हिशेब) आणि रोजकीर्द (रोजच्या नोंदी) या विभागांपासून सुरुवात करावी.

दुसरे उत्तर
विलंबाचे खरे कारण यंत्रांची उणीव नसून वाचणाऱ्यांची उणीव आहे, असे मला मनापासून वाटते. धूळ झाडणे, घड्या उलगडणे, फाटलेल्या कडा सांधणे ही कामे शिकवता येतात; पण कागदात काय आहे हे लिहिण्यासाठी मोडी सराईतपणे वाचता यावी लागते. २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचकांची गरज भासली, हे आपण पाहिलेच आहे.

तिसरे उत्तर
हे मान्य करूनही मी स्कॅनिंग आधी व्हावे असेच म्हणेन, कारण प्रत्येक हाताळणीत जुना कागद घडीवर तुटतो आणि तुटलेली ओळ कोणत्याही सूचीने परत मिळत नाही.

दुसऱ्या उत्तराची पुरवणी
कागद टिकलाच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु तारखेची आणि गावाची नोंद नसलेले छायाचित्र शोधणार कसे? निदान रुमालाचा क्रमांक, प्रांत आणि साल एवढे तरी चित्र घेतानाच टिपावे. प्रश्नकर्त्यांनी जाण्यापूर्वी सुहूर सन (त्या काळच्या कागदांतील, अरबी संख्याशब्दांत लिहिलेले साल) वाचण्याचा सराव जरूर करावा: ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर ११७२, अर्थात इसवी सन १७७१-७२. हे साल मृग नक्षत्रापासून, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, सुरू होते, त्यामुळे जानेवारी १७७२ मधील सूटही त्याच सालाच्या कागदांत शोधावी लागेल.