क्लबहाउसची किल्ली कोणाकडे आहे?

आमच्या सोसायटीचे दोन ग्रुप आहेत. एक अधिकृत, त्यावर फक्त सेक्रेटरी लिहितात आणि बाकीचे अंगठा दाखवतात. दुसरा गप्पांचा. घोडबंदर रोडवर कासारवडवलीच्या आत दोन विंग, त्यामुळे पार्किंग, आंब्याच्या पेट्या आणि मेट्रोच्या खांबांखालचं ट्रॅफिक हेच तिथले कायमचे विषय. गेल्या रविवारी मात्र वेगळंच चाललं. नणंदेला पाठवायचं म्हणून मी ते उतरवून घेतलं. गुड मॉर्निंगची फुलं गाळली आहेत, बाकी फारसं नाही.

सई, बी-७०२ (सकाळी ७:१४)
सुप्रभात. जरा वेगळा प्रश्न. इथे रोज ध्यानाला बसणारं कोणी आहे का? मी २०२३ च्या मेमध्ये इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलं. परत आले तेव्हा वाटलं, आता हे जन्मात सुटायचं नाही. सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा, असं सांगतात तिथे. सकाळचा तास चार महिने केला. संध्याकाळचा चार दिवस. मग गणपती आले, मग मुलाची सहामाही आली, मग काहीच आलं नाही तरी सुटलं ते सुटलंच. आता दर सोमवारी नव्याने ठरवते आणि बुधवारपर्यंत टिकते. मन लागत नाही ही तक्रार नाहीये. मुळात बसावंसंच वाटत नाही. तुम्ही लोक काय करता?

अमेय, ए-११०३ (७:१६)
ताई, लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळा लागतो तीच आपली समाधी 😀

पाटील, खजिनदार (७:१७)
मेंटेनन्स थकवलेल्यांनी आधी तो भरावा. मन शांत होईल. माझं.

सई (७:१९)
हसा, हसा.

नेने काका, ए-४०४ (७:३१)
सई, तुझं दुखणं जुनं आहे. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादातल्या तिसाव्या सूत्रात नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, मोजलेत. व्याधी, स्त्यान, संशय, प्रमाद, आलस्य, अविरती, भ्रांतिदर्शन, अलब्धभूमिकत्व आणि अनवस्थितत्व. आळस पाचवा आहे, लोकांना वाटतं तो एकटाच आहे. तू शेवटचे दोन बघ. आठवा म्हणजे भूमिका, ध्यानातली ती अवस्था, हातीच लागत नाही. नववा म्हणजे हाती लागते, पण तिथे ठरता येत नाही. तुझा नववा. म्हणजे आठ पार करून आलीस.

सई (७:३३)
काका, बरं वाटलं आणि थोडं फसवल्यासारखंही वाटलं.

नेने काका (७:३६)
फसवलंच. ते काही जिन्याच्या पायऱ्यांसारखे नंबराने येत नाहीत. पण इतक्या जुन्या काळी कोणाला तरी बसून ही यादी करावी लागली ना? म्हणजे तेव्हाही लोक बुधवारपर्यंतच टिकत होते.

सेक्रेटरी (७:४०)
बी विंगचं पाणी आज ११ ते १ बंद. टाकी धुणार आहेत. कृपया नोंद घ्यावी.

रोहन, बी-३०५ (७:५८)
मी ॲपवर करायचो. रोज दहा मिनिटं. १४३ दिवसांची साखळी झाली होती, ऑफिसच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचो. मग एका रात्री बाबांना ॲडमिट करावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलात बाकावर बसून फोन उघडला, तर साखळी शून्यावर. इतका चिडलो त्या शून्यावर की सांगता येत नाही. आदल्या रात्री मी आयसीयूच्या दाराबाहेर उभा राहून दोन तास श्वासच मोजत होतो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. पण ॲप उघडलं नव्हतं, म्हणून ती रात्र हिशोबात नाही. बाबा बरे झाले, घरी आले. मी मात्र परत बसलो नाही. एकपासून मोजायचं जिवावर येतं.

(रोहनचे मेसेज एरवी 'डन' आणि 'ओके' एवढेच असतात. हे वाचून मी गॅस बंद केला आणि खुर्ची ओढून बसले.)

मृणाल मॅडम, बी-६०१ (८:०९)
रोहन, माझ्या विषयातलं आहे म्हणून सांगते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना ८४ दिवस रोज एक नवी साधी गोष्ट करायला सांगितली. खाण्यापिण्यातली नाहीतर व्यायामातली, आणि तीही ठरलेल्या खुणेला धरून, म्हणजे समजा नाश्ता झाला की लगेच. २०१० मध्ये तो निबंध छापून आला. गोष्ट अंगवळणी पडायला सर्वसाधारणपणे ६६ दिवस लागले, पण कोणाला १८ आणि कोणाला २५४. हे २५४ गणिताने पुढे काढलेले, कारण अभ्यासच ८४ दिवसांचा. तुझ्या कामाची गोष्ट पुढे आहे. मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. साखळी ॲपमध्ये तुटते, माणसात तुटत नाही.
आणि '२१ दिवसांत सवय लागते' हे जे फिरत असतं, त्याचं मूळ १९६० सालच्या एका अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या पुस्तकात आहे. ऑपरेशननंतर पेशंटला आपला नवा चेहरा आपला वाटायला निदान २१ दिवस जातात, असं त्याने पाहिलं होतं. नाकाचा हिशोब लोकांनी मनाला लावला.

अमेय (८:११)
सई ताईंना २५४ लागणार, लिहून ठेवा.

मग कोणीतरी एक फॉरवर्ड टाकला. रोज वीस मिनिटं ध्यान करा, शुगर, बीपी, थायरॉइड सगळं मुळापासून जातं, गोळ्या फेकून द्या, वगैरे. खाली दहा हात जोडलेले. असल्या मजकुराला आमच्या ग्रुपवर कायम मागणी असते.

डॉक्टर, ए-८०१ (८:२२)
गोळ्या कोणीही बंद करू नका. ध्यान जरूर करा, गोळी घेऊन करा. आणि एक. बसल्यावर कोणाला घाबरं होत असेल, छाती धडधडत असेल, जुनं काही उसळून येत असेल, तर तो आळस नाही आणि पापही नाही. डोळे उघडायचे, उठायचं, डॉक्टरांशी बोलायचं. शिबिराच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात ते उगीच नाही.

त्यानंतर कुलकर्णी आजींची व्हॉइस नोट आली, एक मिनिट चाळीस सेकंदांची. मागे कुकर. त्यातलं महत्त्वाचं लिहून काढते.

कुलकर्णी आजी, ए-१०२ (८:३०)
अगं सई, मी शिबिरबिबिर काही केलं नाही. सासूबाईंनी माळ दिली, एकशे आठ मण्यांची, तेव्हापासून रोज एक माळ. मन कुठे असतं म्हणशील तर निम्म्या वेळा ह्या शिट्टीपाशी. नाव घेता घेता मधेच 'आमटीत मीठ घातलं का' येतं. येऊ दे की. मेरुमणी बोटाला लागेपर्यंत उठायचं नाही, एवढं एकच मला सांगितलेलं. आज चांगली झाली की वाईट झाली, ते मी कधी बघितलंच नाही गं. तुळशीला पाणी घालताना आपण विचारतो का, आज घालावंसं वाटतंय का म्हणून?

सई (८:४१)
आजी, तुम्ही बरोबर नस पकडलीत. मी रोज बघते. मला तिथला सातवा दिवस हवा असतो. संध्याकाळी सहाच्या बैठकीत तासभर हललेच नव्हते. बाहेर आले तर अंगाला वजनच नाही. आता इथे गॅलरीत वॉशिंग मशीनच्या शेजारी बसते, खाली डंपर रिव्हर्स घेत असतो, आणि मी डोळे मिटून तो सातवा दिवस शोधत असते. सापडत नाही. मग चिडून उठते आणि डबे भरायला लागते.

गायकवाड सर, बी-१०४ (८:५५)
सई, मी जुना साधक. पहिलं शिबिर १९९८ मध्ये केलं, तेव्हा विपश्यना शिकवणारे गोएंका गुरुजी हयात होते. आठवतं ना, तिथे काय सांगतात? दुखरी संवेदना आली तरी समता, म्हणजे ना चिडायचं ना धरून ठेवायचं, आणि सुखद आली तरी समता. आपण सगळे गुडघेदुखीशी समता शिकून येतो आणि त्या हलकेपणाला मात्र घट्ट धरून बसतो. मीही दोन वर्षं धरला होता.
दुसरं. तिथे चारला घंटा वाजते, साडेचारला बैठक. फोन जमा, बोलायचं नाही, स्वयंपाक दुसरे करतात, भांडी दुसरे घासतात. एवढी व्यवस्था असली तर आपले खजिनदारसुद्धा बसतील. घरी घंटा वाजवायला कोण आहे? म्हणून तर आठवड्यातून एकदा सामूहिक साधनेला जा असं सांगतात. माझी सकाळ टिकली त्यात माझं कर्तृत्व निम्मंच आहे. आमच्या सौ. पण बसतात. एकाने चटई पसरली की दुसऱ्याला पडून राहायची लाज वाटते. आदल्या रात्री भांडण झालं असेल तर दोघंही हट्टाने पूर्ण तास बसतो, आधी कोण उठणार म्हणून.

पाटील, खजिनदार (८:५७)
माझं नाव कशाला मधे?

इथे मी तोंड उघडलं. आपलं क्लबहाउस सकाळी आठपर्यंत रिकामं असतं, एक टेबल टेनिसचं टेबल आणि गणपतीची मखरं सोडली तर. तिथे बसलो तर? पुढचा पाऊण तास जे झालं ते सोसायटीत राहणाऱ्या कोणालाही सांगायला नको. परवानगी लागेल का, लाइटबिल कोण भरणार, चपला बाहेर की आत, भाडेकरूंना चालेल का. पाटलांनी एक पंखा मंजूर केला. एसी नाही. नेने काकांनी आधी थोडी कपालभाती सुचवली, ती ए-२०२ ने हाणून पाडली. काका घरी करतात तेव्हा भिंतीपलीकडे ऐकू जाते म्हणे.

गायकवाड सर (९:४८)
एक स्पष्ट करतो. ही विपश्यनेची सामूहिक साधना नव्हे, ती शिबिर केलेल्यांचीच असते. ही नुसती बैठक. कोणी माळ घ्या, कोणी श्वास बघा. शेजारचा काय करतो ते विचारायचं नाही.

सई (९:५०)
वीस मिनिटं. सहा दहा ते साडेसहा. त्याहून जास्त मला डब्यांमुळे शक्य नाही.

रोहन (९:५१)
मी शीट बनवतो. नावं आणि तारखा. रोज टिक करायची.

सई (९:५१)
नको!

आजी (९:५२)
नको रे बाबा

रोहन (९:५४)
सॉरी. हात तिकडेच जातो 😀

सोमवार

सई (सकाळी ६:०६)
क्लबहाउसची किल्ली कोणाकडे आहे?

गायकवाड सर (६:०७)
वॉचमनकडे असते.

सई (६:०८)
तो म्हणतो सेक्रेटरींकडे.

अमेय (६:०८)
सेक्रेटरी झोपलेत. त्यांचं मन शांत आहे.

मृणाल मॅडम (६:०९)
तू एवढ्या पहाटे जागा कसा?

अमेय (६:०९)
सहज.

सई (६:१०)
मी बाहेर पायरीवरच बसतेय. येणाऱ्यांनी या.

रोहन (६:११)
येतोय. लिफ्ट बंद आहे, जिन्याने उतरतोय.

आजी (६:१२)
मला खुर्ची लागेल. पायरीवर बसले तर उठवायला दोघं लागतील

सहा जण होतो. पायरी गार होती, वॉचमनचा रेडिओ चालू होता, अजून उजाडलं नव्हतं आणि रस्त्यावर पहिल्या बस सुरू झाल्या होत्या. माझी विसातली पंधरा मिनिटं, किल्ली कुठे असेल याच्यात गेली. अमेय गेटजवळ उभा राहून आमच्याकडे बघत होता, शेवटची पाच मिनिटं येऊन टेकला. साडेसहाला आजींचा मेरुमणी यायचा होता, त्यामुळे सहा पस्तीस झाले. सईचे डबे उशिरा भरले गेले.

मंगळवारी किल्ली मिळाली. बुधवारी सई आली नाही. गुरुवारी आली, चटई पसरली, बसली. आजींनी तिच्यासाठी जागा सोडायला आपली खुर्ची थोडी सरकवली.

पाटील, खजिनदार (गुरुवार, रात्री ९:१५)
क्लबहाउसचा पंखा दिवसभर चालू होता. सकाळी शेवटी कोण उठलं?

नेने काका (९:१६)
ते विचारायचं नाही असं ठरलंय.