घरकामाचे पैसे कशाला?

काही जण म्हणतात की भांडी घासायचे, खोली आवरायचे पैसे दिले की मुलांना कष्टाची सवय लागते. मला नाही पटत. स्वतःचं ताट उचलायचे पैसे कसले? माळा साफ करणं वगैरे जादा काम असेल तर जरूर द्यावेत.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रांची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला होता. 'चित्र काढलंस तर बक्षीस' असं ज्यांना आधीच सांगितलं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. अवचित बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही.

घराबाहेर कष्टाने कमावलेल्या पैशाची गोष्ट मात्र वेगळी. मी आठवीच्या सुट्टीत पहाटे पेपर टाकायचो. बोटं शाईने काळी, खांद्याला पिशवीचा वळ. पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर ऐटीत भिरकावलेला पेपर थेट पाण्याच्या बादलीत! त्याचे पैसे कापले गेले. मग मुकाट्याने जिने चढून दाराच्या कडीत पेपर अडकवायला लागलो. महिनाअखेरीला पैसे हातात आल्यावर काय घ्यायचं यावर दोन दिवस डोकं खाजवलं आणि शेवटी काहीच घेतलं नाही. वडिलांनी दिलेले पैसे मात्र दुपारपर्यंत टिकत नसत.

बाकी वयाचं भान हवंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १३८ क्रमांकाच्या करारात हलक्या कामालाही साधारण १३ वर्षांची अट आहे, आणि त्यापायी शाळा बुडता कामा नये.