डमशेराजचे पॉइंट कसे धरता? (अनुभव धागा)

गणपतीच्या मंडपात, कोजागिरीला गच्चीवर, लग्नघरी पाहुणे जमले की आपल्या बेळगाव भागात डमशेराज ठरलेला: एकानं न बोलता हावभाव करायचे, त्याच्या टीमनं चिठ्ठीतले शब्द ओळखायचे. खेळ सगळ्यांना येतो, वाद होतो तो पॉइंटवरून. वही कुणी धरायची, घड्याळ कधी सुरू करायचं, अर्धवट उत्तराला काय द्यायचं, हे ज्यांना नीट जमतं त्यांनी लिहा. किस्से नंतर कधीतरी, इथं फक्त पद्धत.

अनगोळकर
आधी एक ठरवा: मोजायचं काय, बरोबर उत्तरं की लागलेला वेळ? दोन्हींचा निकाल उलटा येऊ शकतो. दोन मिनिटांची मुदत धरा. पहिल्या टीमच्या चार चिठ्ठ्या ४८, ८२, १२० आणि ३५ सेकंदांच्या. तिसरी ओळखलीच नाही, म्हणून पूर्ण १२० लावले. बेरीज २८५. दुसऱ्या टीमच्या ७१, ९५, ६० आणि ६४. बेरीज २९०. चारही ओळखून दुसरी टीम पाच सेकंदांनी हरली! आता ती गप्प बसेल होय?

चॅरेड्सच्या (डमशेराजचं मूळ) एका पद्धतीत वेळच मोजतात, कमी वेळवाला जिंकतो. ती ठेवायची असेल तर न ओळखलेल्या चिठ्ठीला पूर्ण मुदत अधिक ३० सेकंद दंड लावा. वरच्या हिशोबात पहिली टीम ३१५ वर जाते आणि निकाल लोकांच्या डोळ्यांना पटतो. दंड खेळ सुरू व्हायच्या आधी मोठ्यानं सांगायचा. मधेच सांगितला तर पंच विकला गेला म्हणतात.

वहीत रकाने पाच पुरेत: भिडू, चिठ्ठी नंबर, सेकंद, दंड, आतापर्यंतची बेरीज. शेवटचा रकाना दर चिठ्ठीनंतर भरायचा आणि वाचून दाखवायचा. खेळ संपल्यावर एकदम बेरीज करायला बसलात की प्रत्येक आकड्यावर हरकत येते. मिनिटं लिहूच नका, सगळं सेकंदात. १.२२ म्हणजे १२२ की ८२, हा घोळ रात्री अकरा वाजता हमखास होतो.

खानापूरची मावशी
अनगोळकर दादा, घरी पोरंबाळं नि आज्या एकत्र खेळतात तिथं सेकंद कशाला? ओळखलं तर २, अर्धं ओळखलं तर १, नाहीतर ०. मात्र ‘अर्धं’ म्हणजे काय ते पक्कं हवं. आमच्याकडं निम्म्याहून जास्त शब्द आले, तेही जागच्या जागी, तरच १. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ मध्ये चारपैकी तीन यायला हवेत. नुसतं ‘अंगण, अंगण’ ओरडून पॉइंट नाही. ‘धबधबा’ऐवजी ‘धबधबे’ म्हटलं तर चालवून घ्यायचं. तिथं व्याकरणाचा तास नको.

आणि हो, घड्याळ चिठ्ठी हातात दिल्यावर लावू नका. चष्मा शोधण्यातच आजीचे वीस सेकंद जातात. चिठ्ठी वाचायची, विचाराला पंधरा सेकंद द्यायचे, चिठ्ठी पंचाला परत करायची, मग ‘चालू’. थांबवायचं ते बरोबर शब्द कानावर पडले त्या क्षणी. करणारा मान डोलावेपर्यंत थांबलात तर दोन-तीन सेकंद फुकट चढतात.

शहापूरचा पंच
गल्लीतल्या स्पर्धेत वही मागं पडते. तिथं सुटसुटीत पद्धत: तिघांची टीम, एकानं करायचं, दोघांनी ओळखायचं, दोन मिनिटांत जमतील तेवढ्या चिठ्ठ्या. पास दोनच. टेबलावर दोन स्टीलची ताटं ठेवायची. ओळखलेली चिठ्ठी उजव्या ताटात, पास केलेली डाव्या. वेळ संपला की उजव्या ताटातल्या चिठ्ठ्या सगळ्यांसमोर मोजायच्या, तोच स्कोअर. लिहिताना सुटण्याची भीती नाही, कारण मोजायची वस्तूच समोर. चिठ्ठ्या कागदाच्या नकोत, पंख्यानं उडतात. लग्नपत्रिकांचा पुठ्ठा कापून करा. मोजून झालं की त्या ताटातल्या चिठ्ठ्या रबर बँड लावून टीमचं नाव लिहिलेल्या पाकिटात. निकालावर तक्रार आली तर पाकीट उघडायचं.

दोन माणसं लागतात. एक फक्त घड्याळ बघणार, दुसरा उत्तर बरोबर की चूक ते सांगणार. एकालाच दोन्ही दिलं तर शेवटच्या दहा सेकंदांत तो घड्याळाकडं बघतो आणि उत्तर निसटतं. मोबाईल एरोप्लेन मोडवर, स्क्रीन बंद न होणारी. ऐन खेळात फोन आला की आकडा दिसेनासा होतो. दहा सेकंद उरले की ‘दहा’ एवढंच ओरडायचं, उलटी मोजणी नको. मंडपात स्पीकर असतो, तेव्हा वेळ संपल्याची शिट्टीच बरी.

गर्दीतून कुणी उत्तर ओरडलं तर ती चिठ्ठी बाद, घड्याळ तिथंच थांबवायचं, दुसरी चिठ्ठी द्यायची आणि त्याच आकड्यावरून पुढं सुरू. पुन्हा पूर्ण दोन मिनिटं दिली तर टीमचेच दोस्त मुद्दाम ओरडतात.

चिकोडी रोड
चिठ्ठ्या सारख्या अवघड नसतील तर कुठलीही मोजणी खोटीच. शब्द जास्त म्हणजे अवघड, असं धरू नका. ‘कानामागून आली तिखट झाली’ यात चार शब्द आहेत, पण कान, मागं, येणं, तिखट सगळं हातानं दाखवता येतं. ‘दैव देतं कर्म नेतं’ यातही चारच, आणि ‘दैव’ दाखवायला जाऊन घाम फुटतो. पहिली १ पॉइंटाची, दुसरी ३ ची. ‘गोकाकचा धबधबा’ १, ‘यळ्ळूरचा राजहंसगड’ २.

तीन डबे, तीन रंगाच्या चिठ्ठ्या, भिडूनं डबा स्वतः निवडायचा. हरणारी टीम शेवटी ३ च्या डब्यात हात घालणारच, खेळ तिथंच रंगतो. बारा भिडू, दोन फेऱ्या म्हणजे २४ चिठ्ठ्या लागतात, तरी ३६ करा. कुणाला आलेली चिठ्ठी आधीच माहीत असते, काही बाद होतात. समोरच्या टीमलाच शब्द द्यायला लावलं तर तिसऱ्या वळणापासून दोघं एकमेकांना न होणारे शब्द देऊ लागतात. मग पॉइंट खेळाला नसून खोडीला मिळतात.

निपाणीकर
एक छोटी गोष्ट. ‘त्यांना नाही आलं तर आम्ही सांगू, पॉइंट आम्हाला’ हा बोनस दोन टीममध्ये लावूच नका. शब्द समोरच्यांनीच दिला असेल तर त्यांना तो ठाऊकच आहे की! तीन टीम असतील, किंवा चिठ्ठ्या तिऱ्हाइतानं केल्या असतील, तरच बोनस. तोही एकाच प्रयत्नाला आणि निम्मा.

हिंडलग्याची वहिनी
नियम मोडल्याच्या दंडाबद्दल कुणी लिहिलं नाही. ओठ हलवणं, आवाज काढणं, हवेत अक्षर गिरवणं आणि खोलीतल्या वस्तूकडं बोट दाखवणं, ही चार. शेवटच्यावर घराघरात मतभेद आहेत. स्वतःच्या अंगावरचं दाखवलेलं चालतं, भिंतीवरचं नाही, असं ठरवलं की सुटतं. पहिल्यांदा ताकीद, पुढं दर वेळी १० सेकंद. पॉइंटावर खेळत असाल तर एक पॉइंट कमी, पण शून्याखाली जायचं नाही. लहान पोरं उणे बघून रडतात.

दुसरं, भाषा. आपल्याकडं चिठ्ठ्या मराठी, कन्नड, हिंदी अशा मिसळून असतात. डब्यात हात घालून कन्नड चिठ्ठी एकाच टीमच्या वाट्याला तीनदा आली तर पॉइंट नशिबाचे. प्रत्येक टीमसाठी सहाचा गठ्ठा आधीच बांधा: चार मराठी, एक हिंदी, एक कन्नड. कन्नड चिठ्ठीवर देवनागरीतही लिहा. कोल्हापूरकडनं आलेल्या पाहुण्याला कन्नड अक्षरं वाचता येत नाहीत. गावाच्या नावाला बेळगाव म्हटलं, बेळगावी म्हटलं, दोन्ही बरोबर धरा.

वडगाव, गच्ची
भिडू सात आणि पाच असले तर? पाचवाल्यांत दोघं दोनदा करतील, पण ते दोघं कोण हे चिठ्ठी टाकून काढा. टीमला निवडू दिलं की सगळ्यात तरबेज माणूसच दोनदा उभा राहतो. सरासरीच्या फंदात पडू नका, अपूर्णांक ऐकून लोक उठून जातात.

अनगोळकर
वहिनी, शून्याखाली न जाण्याचं पटलं. मात्र ० वर असलेल्या टीमला मग दंडाची भीतीच राहत नाही. तिथं पॉइंट न कापता पुढच्या चिठ्ठीचे १५ सेकंद कापा.

बरोबरी झाली तर प्रत्येक टीमचा एकेक भिडू बाहेर बोलवा. दोघांना एकच चिठ्ठी दाखवा, दोघं एकाच वेळी आपापल्या टीमसमोर. जी आधी ओळखेल ती जिंकली. टीम मात्र एकमेकांना ऐकू येणार नाही एवढ्या लांब बसवा, एक खोलीत, एक पडवीत. दोन्हीकडं एकेक पंच, आणि ओळखल्यावर ज्या पंचाचा हात आधी वर दिसेल तो निकाल. दोन्ही पंच एकमेकांना दारातून दिसायला हवेत.