बार्शीचा वाघ उचलून सह्याद्रीत टाका म्हणणाऱ्यांसाठी

माळरानकर
काल इथं एकानं लिहिलं, "डोंगरातलं जनावर डोंगरातच शोभतं. बार्शीचा वाघ धरा, सह्याद्रीत सोडा, विषय संपला." त्यावर लोकांनी धडाधड लाइक ठोकले, म्हणून हे लांबलचक.

हा वाघ यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला, पट्ट्यांवरून ओळख पटलेली. अख्खा मराठवाडा तुडवून 2024च्या डिसेंबरात येडशीच्या रामलिंग घाटात कॅमेऱ्यात आला, मग बार्शीकडं. धरायला वनखात्याची पथकं फिरली, त्यानं कुणाला दाद दिली नाही. आणि 'धरा' म्हणजे काय, भाजी आहे का पिशवीत भरायला? 2020 साली कोथरूडमध्ये बायसन शिरला होता. माणसं मोबाइल घेऊन मागं. पळून पळून अंग तापतं, स्नायू निकामी होतात, वर भुलीचं इंजेक्शन. धरला, आणि मेला.

वैरागचा पाव्हणा
शहरात, जुळे सोलापुरात बसून वाघावर माया करायला काय जातंय बे? माझ्या मेव्हण्याची पंढरपुरी म्हैस गेली. लाखावरची. भरपाई किती, तर बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, जे कमी असेल ते. तीही कधी? पंचनाम्याला आलेला साहेब म्हणतो, तरस असेल. धडधाकट म्हशीचं नरडं तरस फोडतंय होय? रात्री ज्वारीला पाणी द्यायला या, बॅटरी मी देतो.

दाजीपूरवारी
बायसन नव्हे हो, गवा! बायसन अमेरिकेत आणि युरोपात. गवा गाईबैलांच्या कुळातला, पायात पांढरे मोजे. दाजीपूर अभयारण्याच्या पाटीनंच सगळ्यांना बायसन शिकवलं.

वैरागचा पाव्हणा
म्हैस मेली इथं, आणि ह्यांना मोजे दिसतेत.

नान्नजकर
वाघ-गवा राहू द्या. 1979 साली उघड्या माळावरच्या माळढोक पक्ष्यासाठी 8,496 चौरस किलोमीटर अभयारण्य आखलं. गावं, वस्त्या, विहिरी, सगळं आत! पुढं ते 1,222 वर आणलं, पण मधली वर्षं कोण देणार? बहिणीच्या लग्नाला दोन एकर विकायचं होतं. जमीन अभयारण्यात म्हणून कागद अडकला, शेवटी सावकार गाठला. आता वाघासाठी अजून एक रेघ मारा.

माळरानकर
विषय वाघाचा आहे. माळढोक शेवटचा कधी पाहिलात ते तरी सांगा.

नान्नजकर
लहानपणी, बांधावरून. तुमच्यासारखं दुर्बिणीतून नव्हे. आम्ही हाकललं नाही त्याला, तुमच्या झाडं लावणाऱ्यांनी हाकललं.

शाळामास्तरीण
हे मात्र खरंय. उघडा माळ दिसला की ओसाड म्हणायचं, त्यात ग्लिरिसिडियाची परदेशी झाडं लावायची आणि फोटो काढायचा. माळावर झाडी चढवायची, आणि झाडीतला वाघ आला की त्याला डोंगर दाखवायचा! नान्नजकर, तुमच्या सावकारासकट हे पटतंय. वाघ धरू नये हेही पटतंय. आता दोघांनी मिळून मला शिव्या द्या.

नान्नजकर
बाई, शिव्या कशाला. व्याज भरा.

माळरानकर
बरं, म्हशीचं मान्य. 70 हजारात पंढरपुरीची शिंगंसुद्धा येत नाहीत. वाघ हवा असेल तर पैसे पुरे आणि वेळेत द्यावे लागतील, एवढं मीही म्हणतो. खूश?

वैरागचा पाव्हणा
लई उपकार झाले. पाणी द्यायला कधी येताय?

माळरानकर
शनिवारी. बॅटरी माझी आणतो.

वैरागचा पाव्हणा
या. पण मोबाइल घरी ठेवून. लाइट रात्री दोनला येती.